आंकडे आणि खिळे

लॉगरिथमच्या कोष्टकांचें पुस्तक ज्यांनीं विद्यार्थिदशेंत हाताळलें आहे, त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आली असेल. इतिहासाच्या पुस्तकांतील एखाद्या विधानाशीं आपण वाद घालतों, व्याकरणाच्या नियमाला अपवाद शोधतों. परंतु कोष्टकांत छापलेला आंकडा खरा कीं खोटा, ही शंका आपल्या मनाला शिवतही नाहीं. वास्तविक शंका घेण्यास तेथेंच अधिक जागा असे. तो आंकडा प्रथम गणकानें मांडला, मग लेखनिकानें त्याची स्वच्छ नक्कल केली, नंतर छापखान्यांतील जुळाऱ्यानें एकेक खिळा उचलून तो ओळींत बसविला, आणि अखेरीस मुद्रितें तपासणारानें तो मूळ प्रतीशीं ताडून पाहिला. चार माणसें, आणि प्रत्येकाच्या हातून चूक होण्याचा संभव. शब्द चुकला तर वाचक तो मनांतल्या मनांत सुधारून घेतो; ‘सरकर’ छापलें असलें तरी आपण ‘सरकार’ असेंच वाचतों. पण ९ च्या जागीं १ पडला तर तो कोणाला कळणार?

आणि कळला नाहीं म्हणजे तो वंशपरंपरेनें चालतो. हॉलंडमधील आद्रियान व्लाक यानें १६२८ सालीं लॉगरिथमचें एक मोठें पुस्तक प्रसिद्ध केलें. पुढें दोनशें वर्षें युरोपांत जीं कोष्टकें निघालीं, त्यांतील बरींचशीं त्याच्यावरूनच उतरलेलीं होतीं. १८२७ च्या सुमारास चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञानें निरनिराळीं कोष्टकें एकमेकांशीं ताडून पाहिलीं, तेव्हां व्लाकच्या पुस्तकांतील सहा चुका पुढच्या अनेक पुस्तकांतून जशाच्या तशा आल्याचें त्याला आढळलें. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथसंग्रहांत चिनी लिपींत छापलेलें असेंच एक पुस्तक होतें. त्याच सहा चुका तेथेंही होत्या, आणि त्या पुस्तकाचें कुळ त्यांवरूनच उघडकीस आलें!

ह्या चुका केवळ पंडितांच्या करमणुकीच्या नव्हत्या. भर समुद्रांत जहाजाचा कप्तान चंद्र व तारे यांचीं अंतरें मोजून, छापील आंकड्यांच्या आधारें आपण कोठें आहोंत हें ठरवीत असे. एका आंकड्याचा फरक म्हणजे कित्येक मैलांचा फरक. आणि रात्रीच्या वेळीं खडकांचा किनारा जवळ असला म्हणजे त्या मैलांवर शें-दोनशें माणसांचे प्राण अवलंबून राहत.

गणित जेथें संपतें आणि छपाई जेथें सुरू होते, त्या मधल्या चिंचोळ्या जागेचा इतिहास आज मला सांगावयाचा आहे. माणसाचा हात न लागतां ती जागा ओलांडतां यावी, या खटपटींत दोनशें वर्षें गेलीं.

प्रथम फ्रान्सकडे वळूं. राज्यक्रांतीनंतर तेथें दशमान पद्धति आली, आणि तिला अनुरूप अशीं नवीं कोष्टकें करण्याचें काम गास्पार द प्रोनी या इंजिनियराकडे आलें. ॲडम स्मिथच्या ग्रंथांत टांचण्यांच्या कारखान्याचें जें वर्णन आहे, त्यावरून त्याला युक्ति सुचली. वरती सूत्रें ठरविणारे थोडे गणितज्ञ, मध्यें सात-आठ जाणते गणक, आणि तळाशीं केवळ बेरीज-वजाबाकी जाणणारीं साठाहून अधिक माणसें. या तळच्या माणसांपैकीं पुष्कळ जण सरदारांच्या केसांचे टोप सजविणारे कारागीर होते असें सांगतात. सरदारांचीं मस्तकें गेलीं तेव्हां त्यांचा धंदाही गेला होता. गणित पुरें झालें. सतरा मोठे हस्तलिखित खंड तयार झाले. पण छपाईचा खर्च झेपेना, आणि तो प्रचंड संग्रह संपूर्ण असा कधींच छापून निघाला नाहीं.

बॅबेजला ही हकीकत ठाऊक होती. १८२१ सालीं तो आणि त्याचा मित्र जॉन हर्शेल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीसाठीं केलेलीं कांहीं कोष्टकें तपासीत बसले होते. तेंच गणित दोन गणकांकडून स्वतंत्रपणें करवून घेतलेलें. दोन्ही प्रती समोरासमोर धरावयाच्या आणि फरक दिसेल तेथें खूण करावयाची, एवढेंच काम. खुणा इतक्या वाढूं लागल्या कीं, हें सारें वाफेनें करतां आलें असतें तर किती बरें झालें असतें, असे उद्गार वैतागलेल्या बॅबेजच्या तोंडून निघाले. ही आठवण पुढें त्यानेंच लिहून ठेवली आहे.

उद्गारावर तो थांबला नाहीं. त्याच्या यंत्राचें तत्त्व मुलांनाही समजेल इतकें सोपें आहे. एकापासून पुढचे वर्ग घ्या: १, ४, ९, १६, २५. लगतच्या संख्यांमधील अंतरें येतात ३, ५, ७, ९. आतां या अंतरांमधलीं अंतरें काढा, सर्वत्र २. म्हणजे त्या २ पासून उलट बेरजा करीत आलों तर एकही गुणाकार न करतां हवे तितके वर्ग मिळतात. वर्गच नव्हेत, लॉगरिथमसारख्या अवघड संख्याही थोड्याथोड्या अंतरापुरत्या याच रीतीनें काढतां येतात. बेरीज हें दांत्यांच्या चक्रांना साधण्यासारखें काम, आणि ‘अंतर-यंत्र’ म्हणजे अशा चक्रांचे उभे स्तंभ ओळीनें मांडलेले.

येथवरची गोष्ट सर्वांना माहीत असते. परंतु बॅबेजची दृष्टि ज्या ठिकाणीं त्याच्या काळापुढें गेली, तें ठिकाण माझ्या मतें निराळेंच आहे. यंत्रानें बिनचूक उत्तर काढलें आणि मग तें कोणी माणसानें वाचून कागदावर उतरविलें, तर चुकीचा दरवाजा उघडाच राहिला, हें त्यानें पहिल्यापासून ओळखलें होतें. म्हणून त्याच्या यंत्राला छपाईचें अंग जन्मतःच होतें. चक्रें फिरून उत्तरावर थांबलीं कीं त्यांना जोडलेले अंकांचे ठसे त्या त्या जागीं यावयाचे आणि मऊ पदार्थाच्या तबकांत दाबले जावयाचे. त्या सांच्यांत धातु ओतला कीं छापण्याचा पत्रा तयार. १८४७ ते १८४९ या काळांत त्यानें दुसऱ्या, सुधारलेल्या यंत्राचे नकाशे काढले. त्यांत रकाने किती असावेत, ओळींमध्यें अंतर किती ठेवावें, समास किती सोडावा, हेंही आधीं ठरवून देण्याची सोय केलेली आहे. गणित करणाऱ्या यंत्रानेंच पानाची मांडणीही करावी, ही कल्पना मनांत येण्यास माणूस छापखान्यांत वावरलेला असावा लागतो.

आणि बॅबेज तसा होता. १८२७ सालीं त्यानें १ पासून १,०८,००० पर्यंतच्या संख्यांचीं लॉगरिथमें प्रसिद्ध केलीं, तेव्हां मुद्रितें पुन्हां पुन्हां वेगवेगळ्या पुस्तकांशीं ताडून घेतलींच. शिवाय अंकांचें वळण, रेघा, कागदाचा रंग यांचाही विचार केला. एवढ्यानें समाधान झालें नाहीं म्हणून १८३१ मध्यें रंगीबेरंगी कागदांवर निरनिराळ्या रंगांच्या शायांनीं छापलेल्या नमुन्यांचे एकवीस खंड सिद्ध केले. वाचणाराच्या डोळ्यांना कोणता मेळ कमी शिणवितो, हें पाहण्यासाठीं हा सारा खटाटोप. आणि प्रत काय ती एकच! अशा माणसाला सरकारी हिशेबनीसांनीं तऱ्हेवाईक ठरविलें तर नवल नाहीं.

सरकारनें १८२३ पासून यंत्राला पैसा पुरविला होता. १८३२ मध्यें यंत्राचा एक सातवा हिस्सा जोडून झाला, व तो उत्तम चालला. पण तो गणिताचा हिस्सा होता, छपाईचा नव्हे. दुसऱ्या वर्षीं कारागीर जोसेफ क्लेमंट याच्याशीं पैशावरून तंटा होऊन काम बंद पडलें, आणि १८४२ सालीं सरकारनें अंग काढून घेतलें. तोंवर सतरा हजारांहून अधिक पौंड खर्च झाले होते. त्या काळीं एक आगगाडीचें इंजिन आठशें पौंडांच्या आंत मिळे. म्हणजे बावीस इंजिनांची किंमत एका अपुऱ्या यंत्रांत गेली. नकाशे मात्र जपून राहिले.

योगायोग असा कीं, बॅबेज रंगीत कागद चाळीत होता त्याच १८३१ सालीं मुंबईंत गणपत कृष्णाजी यांनीं पहिलें छापील मराठी पंचांग काढलें. तें शिळाछापाचें होतें. शिळाछापांत खिळ्यांचा प्रश्नच नसतो. लेखकाचें अक्षर दगडावर उतरतें आणि दगडावरून कागदावर. आपल्याकडील पंचांगांचें गणित त्या वेळीं बहुधा गणेश दैवज्ञाच्या ‘ग्रहलाघवा’वरून होई, आणि घटिकापळांचे ते रकाने पुन्हां हातानेंच उतरावे लागत. हातानें उतरलेली चूक छापली जाऊन घरोघर गेली म्हणजे गांवची एकादशी दोन दिवस होणार, हें सांगावयास नको.

बॅबेजचें अपुरें काम पुरें केलें तें स्वीडनमधील एका छापखानेवाल्यानें. गेओर्ग शॉइट्स हा स्टॉकहोममधील मुद्रक व संपादक. १८३४ सालीं ‘एडिंबरो रिव्ह्यू’ या नियतकालिकांत डायोनिसियस लार्डनर यानें बॅबेजच्या यंत्रावर लिहिलेला लेख त्याच्या वाचनांत आला, आणि त्यानें आपला मुलगा एडवर्ड याला हाताशीं घेऊन यंत्र बांधावयास घेतलें. मुलाचें वय तेव्हां कोवळें होतें. १८४३ पर्यंत नमुना, आणि १८५३ पर्यंत पुरें यंत्र. बॅबेजच्या यंत्रासारखें तें सुबक नव्हतें, पण चालत होतें. आणि मुख्य म्हणजे उत्तर काढून त्याचा सांचाही स्वतःच उठवीत होतें. १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनांत त्याला सुवर्णपदक मिळालें. बॅबेजनें मत्सर न करतां त्याची मनापासून वाखाणणी केली, हें त्याच्या लौकिकाच्या विरुद्ध असलें तरी खरें आहे. १८५७ मध्यें पितापुत्रांनीं यंत्रानें गणिलेल्या, यंत्रानेंच सांचा उठविलेल्या कोष्टकांचे नमुने लंडनमध्यें पुस्तकरूपानें काढले. यंत्र अमेरिकेंतील ऑल्बनी येथील वेधशाळेनें विकत घेतलें. त्याचेंच एक भावंड इंग्लंडच्या जन्ममृत्यु-नोंदणी कचेरीसाठीं तयार झालें, आणि १८६४ सालीं विल्यम फार यानें प्रसिद्ध केलेल्या आयुर्मानाच्या कोष्टकांत त्याचा उपयोग झाला. विम्याचा हप्ता किती घ्यावा, वर्षासन किती द्यावें, हें अशा कोष्टकांवरून ठरतें. परंतु यंत्र नाजूक होतें, त्याला सतत माणूस लागे, आणि पुस्तकाची बहुतेक जुळणी अखेर नेहमींच्या खिळ्यांनींच करावी लागली.

यानंतर मधलीं ऐंशी वर्षें मीं भराभर ओलांडतों. त्या काळांत गणनयंत्रें सुधारलीं, भोंकें पाडलेल्या कार्डांचीं यंत्रें आलीं, आणि १९४० च्या दशकांत वॉशिंग्टनच्या नौदल-वेधशाळेंत वॉलेस एकर्ट यानें वैमानिकांच्या पंचांगाचें गणित त्या कार्डांवर करून, कार्डांनीं चालणाऱ्या टंकलेखन यंत्रावरच पानें उतरविण्याची व्यवस्था केली. महायुद्धांतील विमानें त्या आंकड्यांवर विसंबून समुद्र ओलांडीत होतीं. अंकांच्या रकान्यांपुरता बॅबेजचा हेतु येथें सिद्धीस गेला असें म्हणावयास हरकत नाहीं.

पण अंकांचे रकाने म्हणजे गणित नव्हे. समीकरणांचें पान डोळ्यांसमोर आणा. अपूर्णांकाचा अंश वर, छेद खालीं, छेदांत पुन्हां वर्गमूळ, वर्गमुळाच्या छायेंत घातांक, आणि त्या घाताच्या डोक्यावर आणखी एक बारीक अक्षर. साधी ओळ एकमजली. ही तिमजली, चौमजली. विलायती छापखान्यांत अशा मजकुराला शिक्षेचा मजकूर म्हणत आणि त्याचा दर वेगळा आकारीत. तो चांगला जुळविणारे कारागीर थोडे असत, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शिशाचे खिळे मागें पडून छायाचित्रण-जुळणी आली तेव्हां ते थोडेही नाहींसे झाले.

याचा फटका ज्यांना बसला त्यांत अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड कनूथ हे होते. संगणकाच्या आज्ञावलींच्या शास्त्रावर त्यांचा अनेक खंडांचा ग्रंथ चालू होता. पहिला खंड १९६८ मध्यें निघाला, तो मोनोटाइप यंत्रावर शिशांत जुळविलेला व देखणा. दुसऱ्या खंडाची सुधारलेली आवृत्ति निघावयाची वेळ आली, आणि १९७७ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस नव्या पद्धतीनें जुळविलेलीं मुद्रितें त्यांच्या हातीं पडलीं. तीं पाहून त्यांना अत्यंत वाईट वाटलें. अक्षरांचें वळण बिघडलेलें, अंतरें विषम. आपलें पुस्तक अशा वेषांत बाहेर पडूं नये असें त्यांच्या मनानें घेतलें. त्याच सुमारास दुसऱ्या एका पुस्तकाचीं पानें त्यांनीं पाहिलीं होतीं, तीं बारीक ठिपक्यांच्या जुळणीनें छापलेलीं होतीं. ठिपका आहे किंवा नाहीं, म्हणजे एक किंवा शून्य. आणि एक-शून्यांचा खेळ तर आपलाच विषय! ग्रंथलेखन बाजूला ठेवून मे १९७७ मध्यें त्यांनीं अक्षरजुळणीची आज्ञावली लिहावयास घेतली. वर्षभरांत हें आटपेल असा त्यांचा अंदाज होता. दहा वर्षें लागलीं.

या आज्ञावलीचें नांव ‘टेक’. ग्रीक भाषेंतील कला व कसब या अर्थाच्या शब्दाचीं तीं पहिलीं तीन अक्षरें आहेत. जुळारी जें डोळ्यानें करीत असे तें येथें नियमांत बांधलें आहे. प्रत्येक अक्षर ही एक चौकट, आणि चौकटींमधील जागा ताणतां-दाबतां येणारी. साधी यंत्रें ओळ भरली कीं ती तोडतात. टेक सबंध परिच्छेद एकदम विचारांत घेऊन सगळ्या ओळी मिळून कमींत कमी ओंगळ कोठें तोडतां येतील हें शोधतें. मापांत त्याची सूक्ष्मता इतकी कीं, छापखान्याच्या एका पॉइंटाचे त्यानें ६५,५३६ भाग कल्पिले आहेत. असा एक भाग प्रकाशाच्या लहरीहूनही लहान भरतो. गणिताच्या जुळणीचे नियम ठरविण्यापूर्वीं कनूथ यांनीं अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकाचे जुने खंड काढून कोणत्या वर्षाची छपाई सर्वांत सुरेख होती हें न्याहाळलें, आणि गेलेल्या कारागिरांच्या हाताचें वळण नियमांत उतरविलें. अक्षरें रेखण्यासाठीं ‘मेटाफाँट’ नांवाची दुसरी आज्ञावली केली. दोन्ही त्यांनीं कोणालाही विनामूल्य घेऊं दिल्या. चूक दाखविणाराला ते बक्षीस देत. रक्कम वर्षोवर्ष दुप्पट होत ३२७ डॉलर ६८ सेंटांवर स्थिरावली. बक्षीस मिळविणाऱ्या पुष्कळांनीं धनादेश वटविलेच नाहींत. चौकटींत बसवून भिंतीवर लावले.

पुढें लेस्ली लॅम्पोर्ट यांनीं त्यावर ‘लाटेक’ हा सोपा थर चढविला, आणि गणित लिहिणारा प्रत्येक जण आपल्यापुरता जुळारी झाला. लेखक व छापखाना यांच्यामधली नक्कल संपली.

इकडे गणिताच्या यंत्रांतही मोठी क्रांति झाली होती. १९६० नंतरचीं यंत्रें केवळ आंकडेच हाताळीत नव्हतीं. अक्षरगणितही करूं लागलीं होतीं. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांतील ‘मॅक्सिमा’ची मूळ आज्ञावली, कॅनडांतील ‘मेपल’, आणि १९८८ मध्यें आलेली ‘मॅथेमॅटिका’ हीं त्यांतलीं प्रसिद्ध नांवें. त्यांचें बळ किती, याचें एक उदाहरण सांगतों. शार्ल देलोने या फ्रेंच ज्योतिषानें चंद्राच्या गतीचीं सूत्रें काढण्यांत आयुष्याचीं वीस वर्षें घालविलीं, आणि १८६० व १८६७ सालीं दोन जाडजूड खंड छापले. १९७० मध्यें अमेरिकेंत तिघां शास्त्रज्ञांनीं तेंच अक्षरगणित यंत्राकडून करविलें. वीस तास लागले. देलोनेच्या त्या समुद्रांत चुका सांपडल्या फक्त तीन, आणि त्यांतल्या दोन पहिलीच्याच पोटच्या! या गोष्टींत यंत्राचें कौतुक करावें कीं देलोनेचें, हें माझ्यानें ठरवत नाहीं.

आतां पाहा, एका बाजूला गणित करणारें यंत्र, दुसऱ्या बाजूला सुंदर पान जुळविणारें यंत्र. आणि दोहोंच्या मध्यें पुन्हां माणूस बसला. पडद्यावर आलेलें उत्तर तो वाचणार आणि लेखांत उतरविणार. बॅबेजनें ज्या लेखनिकाला हांकलून लावलें होतें तो प्राध्यापकाचा वेष घेऊन परत आला, म्हणाना!

या मधल्या माणसाला दूर करण्याची किल्ली कनूथ यांच्याच एका प्रयोगांत होती. टेकची आज्ञावली पुन्हां नव्यानें लिहितांना त्यांनीं ती निबंधासारखी लिहिली. एकाच मूळ लेखांत माणसासाठीं स्पष्टीकरण आणि यंत्रासाठीं आज्ञा एकाआड एक गुंफलेल्या. एक साधन त्या लेखांतून वाचण्याजोगें पुस्तक विणून काढी, तर दुसरें त्यांतूनच यंत्राला समजेल असा गुंता वेगळा काढून देई. साधनांचीं नांवेंही ‘विणणें’ आणि ‘गुंतविणें’ अशाच अर्थाचीं आहेत. १९८४ मध्यें त्यांनीं या पद्धतीवर लेख लिहिला, आणि १९८६ सालीं टेकची संपूर्ण आज्ञावली तशी विणलेल्या पुस्तकाच्या रूपानें प्रसिद्ध झाली.

हीच युक्ति गणिताच्या लेखाला लावली कीं काम झालें. लेखांत ‘सरासरी अमुक आली’ असा आंकडा लिहावयाचाच नाहीं. त्या जागीं ‘या माहितीची सरासरी काढ’ ही आज्ञा लिहावयाची. लेख छापावयास घेतला कीं गणनयंत्र प्रथम तो वाचतें, प्रत्येक आज्ञेच्या जागीं तिचें उत्तर ठेवतें, आलेख असेल तर आलेख काढतें, आणि मग तो भरलेला लेख जुळणीच्या यंत्राकडे जातो. उद्यां माहितींत भर पडली तर लेखाला हात लावावयास नको. पुन्हां विणला कीं सारे आंकडे, सारीं कोष्टकें आपोआप नवीं. व्हिएन्ना येथील फ्रीड्रिख लाइश यांनीं संख्याशास्त्राच्या ‘आर’ या भाषेसाठीं २००२ मध्यें असें साधन पुढें मांडलें. त्याच्या नांवांतही ‘विणणें’ आहेच. २०१२ मध्यें यिहुइ शिए यांनीं त्याची सुधारलेली आवृत्ति काढली. विल्यम स्टाइन यांनीं २००५ मध्यें सुरू केलेल्या ‘सेज’ या गणिती आज्ञावलीलाही टेकशीं जोडणारा दुवा आहे. त्यांत टेक पहिल्या फेरींत आज्ञा वेगळ्या काढून ठेवतें, सेज त्या सोडवितें, आणि दुसऱ्या फेरींत टेक उत्तरें उचलून पानांत बसवितें.

स्टॅनफर्डचेच भूगर्भशास्त्रज्ञ जॉन क्लेअरबाउट यांनीं तर १९९० च्या सुमारास आपल्या शिष्यांना दंडकच घातला कीं, प्रबंधांतील आकृति एका आज्ञेसरशी पुसून पुन्हां एका आज्ञेसरशी जशीच्या तशी काढतां आली पाहिजे. कारण असें कीं, विद्यार्थी पदवी घेऊन गेला म्हणजे त्याच्या आकृति कोणत्या आंकड्यांवरून निघाल्या हें मागें राहिलेल्या कोणालाच सांगतां येत नसे.

असा दंडक नसल्यास काय होतें याचा दाखला अर्थशास्त्रानें दिला. २०१० मध्यें कार्मेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ या दोन नामांकित अर्थशास्त्रज्ञांनीं एक निबंध लिहिला. राष्ट्रावरील सार्वजनिक कर्ज त्याच्या वार्षिक उत्पन्नाच्या नव्वद टक्क्यांवर गेलें कीं वाढ खुंटते, सरासरीनें उणे ०.१ टक्क्यावर येते, असें त्यांत दाखविलें होतें. युरोप-अमेरिकेंत सरकारी खर्चाला कात्री लावावी असें म्हणणारांनीं हा आंकडा वारंवार पुढें केला; आणि कात्री लागली म्हणजे ती कोणाच्या निवृत्तिवेतनाला, कोणाच्या औषधोपचाराला लागते हें उघड आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठांतील टॉमस हर्नडन या विद्यार्थ्यानें अभ्यासाचा भाग म्हणून तें गणित पुन्हां करावयास घेतलें. तें जुळेना. अखेर लेखकांनीं आपली मूळ हिशेबाची वही, म्हणजे संगणकावरील तक्ता, त्याला पाठविली. सरासरीच्या आज्ञेंत वीसपैकीं पांच राष्ट्रें घ्यावयाचीच राहून गेलीं होतीं. हा दोष, गाळलेली कांहीं माहिती आणि सरासरीची रीत हीं सर्व जमेस धरून त्यानें व त्याच्या गुरूंनीं २०१३ मध्यें जो आंकडा काढला तो होता अधिक २.२. तक्त्यांतील चूक लेखकांनीं मान्य केली. रीतीविषयींचा वाद राहिला. तीन वर्षें ती चूक कोणाला दिसली नाहीं, कारण छापील निबंधांत उत्तर होतें, गणित नव्हतें.

मात्र विणलेल्या लेखाला सगळेंच साधतें असें कोणी समजूं नये. उतरण्यांतली चूक तो टाळतो. समजण्यांतली टाळीत नाहीं. मूळ सूत्रच खोटें असेल तर तें टेकच्या सुरेख अक्षरांत अधिकच खरें दिसूं लागतें. दुसरी अडचण काळाची. व्लाकचें पुस्तक १६२८ चें असूनही आज उघडून वाचतां येतें. पण दहा वर्षांपूर्वींचा विणलेला लेख आजच्या यंत्रावर विणावयास घेतला तर आज्ञावल्यांच्या आवृत्त्या बदललेल्या असतात आणि तो पुष्कळदां अडून बसतो. अशा वेळीं छापील पान हाताशीं असलेलें बरें.

आपल्या लिपीचा या कथेशीं असलेला संबंध थोडक्यांत सांगतों. देवनागरीचा जुळारी शेंकडों खिळ्यांच्या घरांपुढें उभा राहून जोडाक्षरें, रफार, वेलांट्या सांभाळी. तिमजली मजकुराची शिक्षा तो रोजच भोगीत असे. १९९१ मध्यें हॉलंडमधील ग्रोनिंगेन येथील फ्रान्स वेल्टहाउस यांनीं मेटाफाँटवर देवनागरी अक्षरें रेखून टेकला आपली लिपि शिकविली. रोमन अक्षरांत मजकूर लिहावयाचा, एक लहानशी आज्ञावली त्याचीं जोडाक्षरें करी, आणि टेक तीं जुळवी. नंतरच्या साधनांत देवनागरी सरळ देवनागरींतच लिहितां येते. मराठी वाक्यांत समीकरण आणि समीकरणांत यंत्रानें काढलेला आंकडा, हें आतां घरच्या मेजावर होऊं शकतें.

बॅबेजच्या नकाशांचें काय झालें, तें सांगावयाचें राहिलें. १९९१ हें त्याच्या जन्माचें द्विशताब्दीचें वर्ष. त्या निमित्तानें लंडनच्या सायन्स म्यूझियमनें दुसऱ्या यंत्राचा गणिताचा भाग नकाशांबरहुकूम बांधला. त्यानें एकतीस आंकडी उत्तरें बिनचूक काढलीं. छपाईचा भाग बांधण्यास पैसा मिळण्यांत आणखी वर्षें गेलीं, आणि तो पुरा झाला २००२ मध्यें. म्हणजे लाइश यांनीं आपलें विणण्याचें साधन जगापुढें मांडलें त्याच सालीं. सर्व मिळून सुमारें आठ हजार भाग आणि पांच टन वजन. दांडा फिरविला कीं चक्रें वळतात, उत्तर येतें, कागदाच्या पट्टीवर त्याची एक ओळ छापली जाते, आणि त्याच क्षणीं शेजारच्या तबकांतील प्लास्टरमध्यें तेच अंक खोल उमटतात.